पोवळी काय म्हणाली?

"मी म्हटलं, सर, एवढं एकच सांगा, पोवळीला तिचं गाव शेवटी सापडतं का?" देवकुळे कंडक्टर माईकवर सांगत होते. "तर सरांनी चष्म्यावरनं बघितलं माझ्याकडं. म्हणाले, तुमची वाईची गाडी वेळेवर पोचते का? मी म्हटलं, कधी कधी. तर म्हणाले, तसंच!"

सगळं सभागृह खदाखदा हसलं. माणूस जाऊन महिना झालेला आणि त्याच्या शोकसभेत लोक हसताहेत, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. पण ती शोकसभा नव्हतीच म्हणे. प्रकाशक बोंद्र्यांनी पत्रिकेवर छापलं होतं 'भेटसभा'. ज्याला ज्याला रंगनाथ उरुणकर सर आयुष्यात दोन मिनिटं का होईना भेटले, त्यानं यावं आणि ती दोन मिनिटं सांगावीत.

अकरा वर्षं झाली याला. साताऱ्यात, सर ज्या शाळेत भूगोल शिकवायचे तिथलंच सभागृह. एप्रिलची दुपार, अंगाची नुसती लाही लाही. डोक्यावर पंखे कडकड करत होते आणि मी शेवटच्या रांगेत, बरोबर पंख्याखालची खुर्ची धरून बसले होते. घरातनं निघतानाच ठरवलं होतं, ऐकायचं, डोळे पुसायचे, चहा घ्यायचा आणि यायचं. तोंड म्हणून उघडायचं नाही. मला ओळखणाऱ्यांना हे ऐकून हसू येईल, पण त्या दिवशी खरंच तसं ठरवलं होतं.

देवकुळे उतरले, मग एक नर्सबाई आल्या. सातवीत असताना त्यांनी सरांना पत्र टाकलं होतं, की तुमच्या पुस्तकातल्या नकाशात तुम्ही नदी डोंगरावर चढवली आहे. सरांचं उलट टपाली कार्ड आलं: 'तुला दहापैकी दहा. भूगोलाच्या मास्तराला शून्य.' बाईंनी ते कार्ड प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं आणि रांगेरांगेनं फिरवलं. मग कॉलेजातला एक पोरगा आला. गॅस सिलिंडरच्या रांगेत सर त्याच्या मागं होते. तो म्हणाला, सर, तुम्ही पुढं व्हा. सर म्हणाले, "नको रे, मग आपली भेट लवकर संपेल."

त्यावर मात्र कुणी हसलं नाही. मलाही हुंदका आला. माझीही सरांशी भेट झाली होती, दोनदा, लागोपाठच्या दोन दिवशी. आणि माझ्यासारखी भेट त्या सभागृहात कुणाचीच झालेली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ज्यांनी सरांची 'धुकेवाडी'ची पुस्तकं वाचली नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. धुकेवाडी नावाचं गाव. वर्षातनं एकदा असं धुकं येतं, की सगळी वाडी उचलून दुसरीकडंच नेऊन ठेवतं. घरं, गोठे, विहीर, देऊळ सगळं. वेशीबाहेर असलेलं माणूस राहिलं ते राहिलंच, त्याला गाव पुन्हा सापडायचं नाही. पोवळी म्हणून सोळा वर्षांची पोर. गाव वाचवायचं तर तिला त्याच धुक्यात बाहेर पडणं भाग असतं. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर तिन्हीसांजेला ती उंबऱ्यावर उभी राहते, बापाकडं बघते आणि म्हणते, "येते." तिथं पुस्तक संपतं. पुढचे सहा भाग ती गाव शोधत फिरते आणि बाप दरवर्षी नव्या जागी, नव्या वेशीवर दिवा घेऊन उभा राहतो, का, तर पोर 'येते' म्हणालीय. आमच्याकडं पोरांमध्ये शपथ म्हणून चालायचं ते. "उद्या क्रिकेटला येणार ना? पोवळीचं येते?" "पोवळीचं येते!" मग कुणी शब्द मोडायचं नाही.

तर बोंद्रे माईकपाशी आले. गोरेपान, खादीचा झब्बा, बोलणं तुपाळ. म्हणाले, "आता एक आनंदाची बातमी. सरांच्या कन्या डॉक्टर मृण्मयीताई बडोद्याहून आल्या आहेत. त्यांना सरांच्या कपाटात पहिल्या भागाचं मूळ हस्तलिखित मिळालं. नवी आवृत्ती आपण त्याबरहुकूम काढतोय, पुढच्याच आठवड्यात छपाईला जाईल. बहुतेक ठिकाणी फरक नाही. मात्र शेवटचा शब्द…"

त्यांनी एक पिवळा पडलेला कागद वर धरला.

"शेवटचा शब्द सरांनी 'येते' लिहिलेला नाही. सरांनी लिहिलंय 'जाते'. स्वच्छ अक्षरात. मंडळी, बावीस वर्षं आपण छापखान्यातल्या एका चुकीवर प्रेम करत आलो!"

सभागृहात एकच गलका झाला. देवकुळे जागेवरनंच ओरडले, "अहो, काय बोलताय राव! 'जाते' म्हणाली असती तर बाप सहा भाग दिवा घेऊन कशाला उभा राहिला असता?"

"तो पुढचा कथाभाग झाला. आपण लेखकाच्या शब्दाशी प्रामाणिक राहायचं की नाही?"

"मग सरांनी स्वतः का नाही दुरुस्त केलं? बावीस वर्षं होती की!" नर्सबाई म्हणाल्या.

"संकोची स्वभाव, दुसरं काय. छापखान्यातल्या कुणाची तरी नोकरी जाईल म्हणून गप्प बसले असतील."

तेवढ्यात मृण्मयीताई उठल्या. तिशीची बाई, सुती साडी, कपाळावर आठी. सगळी सभा हसली तेव्हाही त्या हसल्या नव्हत्या, ते मी मघाशीच पाहिलं होतं. म्हणाल्या, "मी डोळ्यांची डॉक्टर आहे. कागदावर काय दिसतंय ते मला कळतं. बाबांनी 'जाते' लिहिलंय, 'जाते' छापायचं. आणि खरं सांगू का, तेच बरोबर आहे. गेलेलं माणूस येत नसतं. मुलांना उगाच खोटं कशाला शिकवायचं?"

सभा एकदम गार पडली. वारसच असं म्हणतेय म्हटल्यावर पुढं कोण बोलणार? बोंद्र्यांनी कागदाची घडी घालायला घेतली. आणि माझ्या मनात आलं, पमे, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत बावीस वर्षं काढलीस. आता आणखी पाच मिनिटं गप्प बसलीस की पोवळी कायमची जाते. पुढच्या आठवड्यानंतर जी पोरं हे पुस्तक हातात घेतील, त्यांच्या पोवळीची कुणी वाटच बघणार नाही.

मी उठले. खुर्ची मागं पडली, तिचा हा मोठा आवाज. सगळ्यांनी माना वळवल्या.

"बोला ताई. आपलं नाव?" बोंद्रे म्हणाले.

"प्रमिला चोरगे. बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे माझं. ते 'येते' माझं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी घातलंय ते. सरांनी नाही."

कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. बोंद्रे कसंनुसं हसले. "म्हणजे चूक तुमच्या हातून झाली. ठीक आहे, होतात चुका…"

"चूक नाही. मुद्दाम केलं." एकदा तोंड उघडलं की ते मिटायची मला सवय नाही. "तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. गजलक्ष्मी छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे एकेक करून ओळीत जुळवायचं काम. सरांच्या पुस्तकाचं शेवटचं पान माझ्याकडं आलं. शेवटची ओळ वाचली आणि मी म्हटलं, हे काय? तिन्हीसांजेची वेळ, पोर उंबऱ्यावर, बाप समोर, आणि म्हणते 'जाते'? कुणी म्हणतं का असं? आमच्या घरात कुणी चुकून म्हटलं, तर आई परत आत बोलवायची, पाटावर बसवायची, पाणी पाजायची आणि 'येते' म्हणवून मग सोडायची. त्यापायी एकदा माझी एसटी चुकलीय. मला वाटलं, लेखकानं घाईत लिहिलं असेल, चुकला असेल बिचारा. म्हणून मी सुधारलं."

सभागृहात हसू फुटलं. कुणी काही म्हणा, त्या हसण्यानं मला धीर आला. मृण्मयीताई मात्र हसल्या नाहीत.

"सरांना कळलं का ते?" त्यांनी विचारलं.

"कळलं ना. दुसऱ्या दिवशी प्रुफं वाचायला आले छापखान्यात. शेवटच्या पानावर थबकले. लाल पेन्सिलीनं 'येते' वर काट मारली आणि मालकांना म्हणाले, हे पान कुणी जुळवलं? मालक म्हणजे निकमकाका, तोफखाना नुसता. ओरडले, 'पमे, हिकडं ये!' मी आले. सर म्हणाले, 'बाळ, मी जाते लिहिलंय. वाचता येतं ना तुला?' म्हटलं, येतं. 'मग?' मी म्हटलं, 'सर, उंबऱ्यावरनं जाते म्हणत नाहीत. मला वाटलं, तुमचं चुकलं.'"

"बाप रे!" देवकुळे म्हणाले.

"निकमकाका तर माझ्या अंगावरच आले. लेखकाला शिकवतेस काय, म्हणून. पण सरांनी हात वर केला. तिथं कागदाच्या गठ्ठ्यावर बसले आणि मला म्हणाले, 'चुकलं नाही माझं. मी ते मुद्दामच लिहिलंय. का, ते सांगतो.'"

आणि तिथं मी थांबले. कारण पुढचं मला सांगता येईना. सर मला काय बोलले ते शब्द न् शब्द पाठ होतं. पण ते जिच्याबद्दल बोलले होते ती माझ्यासमोर उभी होती आणि भोवती शंभर परकी माणसं होती.

"काय म्हणाले?" बोंद्र्यांनी विचारलं.

"ते मी ताईंना एकटीला सांगते. बाहेर व्हरांड्यात."

मृण्मयीताईंनी मान हलवली. "काही नको. बाबांचं सगळं आयुष्य लोकांच्यातच गेलं. मी घरी वाट बघायची आणि हे कुठल्या तरी वाचकाला पत्र लिहीत बसलेले असायचे. आता एवढंच घरचं कशाला ठेवायचं? इथंच सांगा."

"ताई, तुमच्या आईबद्दल आहे."

त्यांचा चेहरा बदलला. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात टेकवला. मला वाटलं, आता ही बाई मला हाकलून देणार. पण त्या म्हणाल्या, "सांगा."

मग मी सांगितलं. आवाज जेवढा हळू करता येईल तेवढा केला, पण सभागृह इतकं गप्प होतं की शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं असणार. सर म्हणाले होते, "माझी बायको गेल्या चैत्रात पुण्याला ऑपरेशनला गेली. दारात लेकीच्या गालावरनं हात फिरवला आणि म्हणाली, येते हं. ती आली नाही. आठ वर्षांची पोर आहे माझी. तेव्हापासनं रोज संध्याकाळी दारात जाऊन बसते. बोलत नाही. शाळेत नाही, घरात नाही. हो, नाही, एवढंच. मला त्या 'येते' चा राग आलाय, बाळ. म्हणून हे पुस्तक लिहिलं. एका तरी बाईनं दारात उभं राहून खरं बोलावं."

मृण्मयीताई खाली बसल्या. कुणीतरी पाण्याचा पेला पुढं केला, त्यांनी तो घेतला नाही.

"मी एकोणीस वर्षांची," मी म्हटलं. "म्हटलं, सर, चुकलं माझं, आत्ता बदलते. ते म्हणाले, घाई नाही, सगळी प्रुफं घरी नेऊन परत वाचतो आणि उद्या सगळंच एकदम बदल. गेले. मी दिवसभर रडले. निकमकाकांनी त्या दिवशी मला शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, एवढी रडले.

"दुसऱ्या दिवशी सर सकाळी दहाच्या ठोक्याला हजर. प्रुफं माझ्यापुढं टाकली. शेवटच्या पानावर कालची लाल काट होती, तिच्यावरच परत काट मारलेली आणि बाजूला लिहिलेलं, 'आहे तसं राहू द्या.' मी तोंडाकडं बघतेय तर सर हसताहेत आणि डोळ्यांना पाणी. म्हणाले, 'मला प्रुफं मोठ्यानं वाचायची सवय आहे. काल संध्याकाळी ओसरीवर वाचत होतो. पोर दारात पाठ करून बसलेली. शेवटच्या ओळीला आलो. छापलेलं 'येते' तोंडातनं निघून गेलं, काट मारलेली ध्यानातच राहिली नाही. तर पोरीनं मान वळवली. वर्षभरात पहिलं अख्खं वाक्य बोलली.'"

"काय?" हे मृण्मयीताईंनी इतक्या बारीक आवाजात विचारलं की मला ओठांवरनं कळलं.

"म्हणाली, 'मग कधी येते?'"

आता थांबणं शक्य नव्हतं.

"सर म्हणाले, 'ही गोष्ट इथंच संपवायची होती मला. पुढं काही नव्हतंच माझ्या डोक्यात. चूक तू केलीस आणि शिक्षा मला झाली. आता पोवळीला तिचं गाव शोधून द्यावं लागणार.' एवढं बोलून गेले. परत कधी भेटले नाहीत. मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण निकमकाकांनी बजावलं होतं, की छापखान्यात लेखकाचा शब्द बदलला हे बाहेर कळलं तर उद्या कोण काम देईल आपल्याला? नंतर छापखाना बंद पडला, काका गेले, आणि पुस्तकं इतकी मोठी झाली, की म्हटलं आता सांगितलं तर लोक वेड्यात काढतील."

बोंद्रे खाकरले. वाईट माणूस नव्हता तो, पण प्रकाशक पडला. "ताई, तुमच्या भावना समजतात. पण याला काही कागदोपत्री आधार? ते प्रूफ आहे तुमच्याकडं?"

"नाही. रद्दीत गेलं सगळं."

"मग अडचण अशी आहे, की एकीकडं सरांच्या हातचं हस्तलिखित आणि एकीकडं…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, पण मला ते कळलं. एकीकडं झेरॉक्सवाली बाई. माझे कान तापले. खरं बोलून खोटं पडायची पाळी आली होती. मी पडलेली खुर्ची उचलायला वळले.

"दिवाळीत," मृण्मयीताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या.

"मी विचारलं, कधी येते. आणि बाबा म्हणाले, दिवाळीत." त्या माझ्याकडं वळल्या. "हे सांगितलं नाही त्यांनी तुम्हाला?"

"नाही ताई. हे नाही सांगितलं."

"मला वाटत होतं, हे सगळं मीच मनानं रचलंय. लहानपणचं काय आठवतंय आणि काय रचलंय, कळत नाही ना." त्या एकेक शब्द चाचपडत बोलत होत्या. "बाबा काहीतरी वाचत होते. कुणीतरी येते म्हणालं. मी विचारलं, कधी. आणि त्यांनी मला उचलूनच घेतलं. म्हणाले, दिवाळीत. नक्की दिवाळीत. मला वाटलं, आईचं सांगताहेत."

नर्सबाईंनी तोंडावर पदर धरला.

"मी दिवस मोजायला लागले. बोलायलाही लागले, आई आल्यावर तिला मुकी पोर कशी दाखवायची म्हणून. नरकचतुर्दशीला पहाटे उठून, न्हाऊन, नवा फ्रॉक घालून दारात उभी राहिले. आणि बाबांनी पाठीमागनं येऊन माझ्या हातात एक पुस्तक ठेवलं. 'धुकेवाडी', भाग दुसरा. कोरं करकरीत. म्हणाले, बघ, आली!" त्या एकदम हसल्या आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. "मी ते पुस्तक भिरकावून दिलं. शेजाऱ्यांच्या हौदात पडलं ते. बाबा हौदापाशी जाऊन किती तरी वेळ नुसते उभे होते. त्यानंतर मी त्यांचं एकही पुस्तक वाचलं नाही. एकही नाही. मला वाटायचं, सगळ्या जगातल्या पोरांसाठी हे लिहितात आणि मला मात्र फसवलं."

शंभर माणसांनी एकदम श्वास घेतला तर आवाज येतो, हे मला तेव्हा कळलं. सरांची मुलगी आणि धुकेवाडी वाचलेली नाही! आमच्यात असं कुणी बसलं असेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

"ताई," मी म्हटलं, "सात महिन्यांत लिहिलं त्यांनी ते. शाळा सांभाळून, घर सांभाळून, तुमची वेणीफणी करून. दिवाळीचा शब्द दिला होता ना तुम्हाला. आई आणणं काही त्यांच्या हातात नव्हतं. जी आणता येत होती ती आणली."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग टेबलावरचं ते हस्तलिखिताचं पान घेतलं, थोडा वेळ वाचलं आणि बोंद्र्यांच्या हातात दिलं.

"हे तुमच्या संग्रहात ठेवा. पुस्तकात 'येते' राहू द्या."

"नक्की ना ताई? म्हणजे मग प्रस्तावनेत तसा खुलासा…"

"बोंद्रेकाका, राहू द्या म्हटलं ना."

टाळ्या वाजवाव्यात का, कुणाला कळेना. देवकुळ्यांनी एक वाजवली आणि एकटेच पडले म्हणून थांबले. मृण्मयीताई सभेकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मघाची डॉक्टरीणबाई कुठच्या कुठं गेली होती. नाक लाल, केस विस्कटलेले. जरा संकोचून, वर्गात उशिरा आलेल्या मुलीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "दुसरा भाग आहे का कुणाकडं?"

एवढं म्हणायचा अवकाश! सगळ्या सभागृहात चेनी उघडल्याचा, पिशव्या चाचपल्याचा आवाज झाला. खाकी कव्हर घातलेली, पाठ निसटलेली, वाचनालयाचे शिक्के असलेली, सुतळीनं बांधलेली, हळदीचे डाग पडलेली पुस्तकं हातोहात वर आली. तीस-चाळीस तरी असतील. माझ्याकडंच तेवढं नव्हतं, मी मेली मोकळ्या हातांनी आलेली. ताई त्या सगळ्या हातांकडं बघतच राहिल्या. कुणाचं घ्यावं आणि कुणाचं नाही! शेवटी पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या एका मुलीचं घेतलं.

"सत्ताविसावं पान फाटलंय, पण मी चिकटवलंय," ती मुलगी घाईघाईनं म्हणाली. "आणि तुम्हाला रडू आलं तर चालेल, ते सगळ्यांनाच येतं."

"बरं," ताई म्हणाल्या. तिथंच खुर्चीवर बसल्या आणि पहिलं पान उघडलं.

बोंद्र्यांनी आभार मानायला सुरुवात केली. शाळेचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, चहावाल्याचे मानले आणि मग ऐकणारं कुणीच नाही हे त्यांच्याही ध्यानात आलं. सगळे ताईंकडं बघत होते. पंख्याच्या वाऱ्यानं त्यांची पानं फडफडत होती आणि त्या एका हातानं ती दाबून धरत वाचत होत्या. देवकुळे पायांचा आवाज न करता भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंख्यांची सगळी बटणं बंद केली. एप्रिलची दुपार होती, घामाच्या धारा लागल्या, पण ताईंचं पहिलं प्रकरण संपेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही.